‘झेड’ : खुनी कोण हे ठाऊक असूनही थरार का टिकतो?

प्रश्न असा आहे : दिग्दर्शक कोस्टा-गाव्रास यांच्या ‘झेड’ या चित्रपटात (1969) एका खासदारावर हल्ला कोणी केला हे प्रेक्षकाला डोळ्यांदेखत दिसतं. त्यामागे पोलीस अधिकारी आहेत हेही लपवलेलं नाही. मग पुढचा तासाहून जास्त वेळ आपण श्वास रोखून का बसतो? आणि राजकीय थ्रिलर लिहिणाऱ्याने किंवा संकलित करणाऱ्याने यातून नेमकं काय उचलावं?

थोडक्यात उत्तर द्यायचं तर, या चित्रपटात रहस्य खुनाचं नाहीच. पणाला लागलेली गोष्ट आहे सरकारी कागद. ‘दारू प्यायलेल्या तीनचाकीवाल्याने धडक दिली, डोकं रस्त्यावर आपटलं, दुर्दैवी अपघात’ हे वाक्य कागदावर टिकतं की फुटतं, एवढाच प्रश्न लेखकांनी शेवटपर्यंत ताणला आहे. या वाक्याला एकेका जबानीने एकेक तडा जातो. गोळीबार किंवा पाठलागापेक्षा टाइपरायटरचा आवाज जास्त धडकी भरवतो तो त्यामुळेच.

आधी पार्श्वभूमी, कारण ती ठाऊक नसेल तर निम्म्या खुणा निसटतात. ग्रिगोरिस लांब्राकिस हे ग्रीसमधले डॉक्टर, लांब उडीतले नामांकित खेळाडू आणि डाव्या आघाडीचे खासदार. 22 मे 1963 रोजी थेसालोनिकीत अण्वस्त्रविरोधी शांतता सभा आटोपून निघताना तीनचाकी गाडीच्या मागच्या भागात उभ्या असलेल्या माणसाने त्यांच्या डोक्यात दणका घातला. 27 मे रोजी ते गेले. तपास आला ख्रिस्तोस सार्त्झेटाकिस या तरुण दंडाधिकाऱ्याकडे, आणि धागे वरिष्ठ पोलिसांपर्यंत पोचले. वासिलिस वासिलिकोस यांनी त्यावर 1966 मध्ये कादंबरी लिहिली. 21 एप्रिल 1967 रोजी लष्कराने सत्ता बळकावली. चित्रपट आला तेव्हा तीच राजवट चालू होती. म्हणजे ‘झेड’ मागे वळून पाहणारा चित्रपट नव्हता. ज्या प्रवृत्तीविषयी तो बोलत होता ती त्या क्षणी खुर्चीत होती. सुरुवातीची पाटी नेहमीच्या सूचनेला सरळ उलटी करते : हयात वा मृत व्यक्तींशी साम्य आढळल्यास तो योगायोग नाही, ते हेतुपुरस्सर आहे. खाली दिग्दर्शक आणि पटकथाकार होर्हे सेम्प्रून या दोघांची नावं.

ग्रीसमध्ये चित्रीकरण अशक्य होतं. पैसा उभा करणंही कठीण होतं. शेवटी नट झाक पेराँ स्वतः निर्माता म्हणून उभा राहिला (छायाचित्रकार-पत्रकाराची भूमिकाही त्याचीच), अल्जीरिया सहनिर्माता झाला आणि अल्जीयर्सचे रस्ते थेसालोनिकी म्हणून वापरले गेले. बहुतेक नट फ्रेंच, भाषा फ्रेंच, संगीत ग्रीक आणि देशाचं नाव कुठेच नाही. ही अडचण होती, पण पथ्यावर पडली. नाव नसल्यामुळे प्रत्येक देशाचा प्रेक्षक आपल्या गावचा पोलीस अधीक्षक त्यात बसवून घेतो.

आता बांधणीकडे येऊ.

पहिलं दृश्य एका व्याख्यानाचं आहे. कृषी खात्यातला अधिकारी द्राक्षवेलींवरच्या बुरशीबद्दल आणि त्यावरच्या ताम्रयुक्त फवारणीबद्दल कंटाळवाण्या आवाजात बोलतोय. नाशिककडच्या बागायतदाराला हे भाषण ओळखीचं वाटेल : डाऊनी आणि बोर्डो मिश्रण, दुसरं काय! समोर गणवेशातले अधिकारी पेंगुळलेले. मग पोलीस दलाचा जनरल उठतो आणि तोच विषय पुढे नेतो. विचारांनाही बुरशी लागते म्हणतो, आणि तिच्यावरही वेळेवर फवारणी हवी : पहिली शाळेत, दुसरी कॉलेजच्या वयात, तिसरी सक्तीच्या लष्करी सेवेत. लक्षात घ्या, कटाची बैठक इथे दाखवलेलीच नाही. अंधारी खोली, सिगारेटचा धूर, ‘काम तमाम करा’ छापाचे संवाद, काही नाही. तरीही खून कुठून येणार हे तीन मिनिटांत कळलं. मराठी-हिंदीतल्या बहुतेक राजकीय थ्रिलरांची पहिली चूक इथेच होते. खलनायक कारस्थान करताना दिसतो, त्यामुळे तो कारस्थानी ठरतो. ‘झेड’मधला जनरल स्वतःला माळी समजतो. मनापासून. म्हणून तो जास्त घातक आहे आणि विनोदीही.

मग सभेची तयारी. ठरलेलं सभागृह ऐनवेळी नाकारलं जातं. कारण तांत्रिक. दुसरं मिळत नाही. मिळतं ते लहान. लोक मावणार नाहीत म्हणून बाहेर कर्णे लावायचे. त्याच संध्याकाळी गावात सोव्हिएत रशियाच्या बोल्शोई बॅलेचा प्रयोग आहे आणि साम्यवादाचा कर्दनकाळ जनरल तिथे हजर. या भागात दर दोन-तीन मिनिटांनी एक किरकोळ अडथळा येतो, आणि प्रत्येक अडथळ्याला कागदोपत्री बिनतोड कारण असतं. लेखकांनी अभ्यासायची जागा ही. धोका वाढवायचा तर धमकीचा आवाज चढवू नका, पर्याय एकेक करून काढून घ्या. सभा रद्दही करता येत नाही आणि नीट घेताही येत नाही, अशा कोपऱ्यात माणसं ढकलली की पुढचं काम चौकच करतो.

त्या चौकाचा भूगोल एकदा कागदावर काढून पाहा. एका बाजूला हॉटेल, समोर सभागृह, मधे रस्ता. रस्त्यावर आरडाओरडा करणारे विरोधक आणि त्यांच्याकडे पाठ करून उभे असलेले पोलीस. खासदाराला (ईव्ह मोंताँ) फक्त समोर जायचंय आणि परत यायचंय. जातानाच डोक्यात एक फटका बसतो. तो सावरतो, भाषण करतो, आणि ते भाषण कर्ण्यातून बाहेरच्या जमावाच्या डोक्यावर पडत राहतं. कट आत-बाहेर होतात, पण आवाज अखंड राहतो. त्यामुळे दोन जागा जवळजवळच आहेत हे प्रेक्षकाला कधीही समजावून सांगावं लागत नाही. परतताना तोच रस्ता, पण आता मोकळा. मघाशी जिथे पाय ठेवायला जागा नव्हती तिथे अचानक रिकामी जमीन. भीती त्या मोकळेपणाची वाटते. पोलिसांनी जागा कुणासाठी केली? तेवढ्यात तीनचाकी आत घुसते.

राऊल कुतार यांचा कॅमेरा इथे हातात आहे. कुतार इंडोचायनातल्या युद्धात छायाचित्रकार होते, पुढे फ्रेंच दिग्दर्शक गोदारबरोबर रस्त्यावरचं चित्रीकरण करून हात बसलेला. हातातला कॅमेरा म्हणजे हलणारा कॅमेरा, असा एक गैरसमज आहे. कुतार यांची हालचाल नेहमी कशाच्या तरी मागे जाते : माणूस वळला की वळते, थांबला की थांबते. आज नुसता थरथराट करून ‘वास्तववादी’ लेबल लावलेल्या चित्रपटांत हा शहाणपणा नसतो. डोकं दुखतं आणि कोण कुठे उभं होतं हेही कळत नाही. ‘झेड’मध्ये ते कळावंच लागतं, कारण पुढच्या साऱ्या जबान्या ‘कोण कुठे उभं होतं’ यावरच आहेत.

संकलन फ्रान्स्वाज बोनो यांचं. त्यासाठी त्यांना ऑस्कर मिळालं आणि ते मिळायलाच हवं होतं. हल्ल्याचा प्रसंग चित्रपटात पुन्हा पुन्हा येतो. पहिल्या वेळी आपण तो धावपळीत पाहतो. काहीतरी घडलं एवढं नक्की कळतं, नेमका दणका मात्र हालचालीत बुडतो. पुढे साक्षीदार बोलतात तसा तोच क्षण वेगळ्या बाजूने येतो. पुनरावृत्तीचं हे तंत्र वापरणाऱ्यांनी दोन खड्डे टाळायचे असतात. पुन्हा दाखवलेल्या शॉटमध्ये एकही नवी माहिती नसेल तर प्रेक्षक घड्याळ बघतो. उलट पहिल्या वेळी मुद्दाम खोटा कोन दाखवून नंतर ‘खरं’ उघड केलं तर प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं आणि त्यानंतर तो कुठल्याच साक्षीवर विश्वास ठेवत नाही. बोनो यांचा मार्ग मधला : पहिल्या वेळी सगळं दाखवलं, पण नीट पाहायला वेळ दिला नाही. पुनरावृत्तीचा शॉट दोन-चार सेकंदांपेक्षा लांबवायची गरज बहुधा पडत नाही. नवी गोष्ट एकच असावी : हात, दांडका, किंवा पाठ फिरवलेला शिपाई.

आठवणींचे तुकडे याहून आखूड. सेकंदाला 24 चौकटी, त्यातल्या काही डझन चौकटींत खासदाराच्या मनातली दुसरी बाई येऊन जाते, नंतर पत्नीच्या मनातला नवरा. विरघळणारा कट नाही, घुमणारा आवाज नाही, रंग फिकट केलेला नाही. आठवण जशी येते तशीच : न विचारता, सरळ. पत्नीच्या भूमिकेत इरिनी पापास आहे. तिला संवाद फार थोडे, आणि या तुकड्यांमुळेच ती भूमिका उभी राहते. खरं तर लिहिताना तिला कमीच दिलंय. चित्रपटाच्या उणिवांत हे धरायला हवं. दुसरी उणीव याहून खटकणारी : मारेकऱ्यांपैकी वागो समलिंगी दाखवलाय आणि त्याच्या विकृतीचं ते जणू लक्षण म्हणून वापरलंय. काळ तसा होता म्हणून सोडून देण्यासारखं ते नाही, कारण बाकी पात्रांच्या बाबतीत हेच लेखक इतके नेमके आहेत.

आणि आता चित्रपट जिथे खऱ्या अर्थाने उड्डाण घेतो तो भाग : तपास. तपास दंडाधिकाऱ्याच्या भूमिकेत झाँ-लुई त्रँतिन्याँ. हा माणूस पडद्यावर बऱ्याच उशिरा येतो. मोंताँसारखा तारा पहिल्या तासातच हालचालीतून बाद होतो, नायक नंतर येतो, आणि येतो तोही रंगीत काचांचा चष्मा लावलेला, आवाज न चढवणारा, सरकारी व्यवस्थेतलाच. पटकथेच्या वर्गात हे लिहून दिलं तर मास्तर कापतील. पण त्याचा फायदा पाहा. तो आपल्यापेक्षा कमी जाणतो. आपण हल्ला पाहिला आहे, त्याने फक्त कागद पाहिला आहे. त्यामुळे थरार ‘पुढे काय’ यात न राहता ‘याला कधी कळणार, आणि कळल्यावर हा काय करणार’ यात राहतो. त्याने बाजू घेतलेली नाही, म्हणून त्याचा प्रत्येक प्रश्न पुराव्यासारखा वजनदार होतो. तोच डाव्या विचारांचा तडफदार वकील असता तर पहिल्याच जबानीनंतर चित्रपटाचं पत्रक झालं असतं.

साक्षींचा क्रम बघा. शवविच्छेदन करणारे डॉक्टर आधी सांगतात की कवटीची इजा नुसत्या पडण्याने झालेली नाही, फटका आहे. अपघाताची गोष्ट इथे हलली, पण खून अजून सिद्ध नाही. मग शवपेट्यांना पॉलिश करणारा निक. तीनचाकी चालवणारा दुसरा हल्लेखोर यागो त्याला आधीच बोलून बसलेला, म्हणजे हे ठरवून झालं. निक जबानी द्यायला निघतो तर वाटेत त्याच्याच डोक्यात दांडका बसतो. इस्पितळात सरकारी मंडळी येऊन त्याला पटवतात की तू घसरून पडलास. सख्खी बहीणसुद्धा ‘आमची अब्रू घालवतोस’ म्हणून तोंडसुख घेते. या प्रसंगात हसू येतं आणि त्याच हसण्यात कळतं की पहिल्या गुन्ह्यासाठी वापरलेली गोष्ट दुसऱ्या गुन्ह्यालाही जशीच्या तशी वापरली जातेय. म्हणजे ही गोष्ट कुणीतरी तयार करून देतंय. पुढे पत्रकाराच्या छायाचित्रांतून उजव्या संघटनेची माणसं आणि पोलिसांशी असलेली त्यांची ऊठबस बाहेर येते. ही माणसं हातावर पोट असलेली. परवाना पोलिसांच्या हातात, म्हणून दांडका यांच्या हातात.

शेवटचा दुवा सगळ्यांत सुंदर, कारण तो वस्तू नाही, शब्द आहे. गाडीवर उडी मारणाऱ्या माणसाचं वर्णन एक साक्षीदार करतो : वाघासारखा चपळ आणि हिंस्र. काही वेळाने वरिष्ठ अधिकाऱ्याच्या तोंडीही तेच शब्द, त्याच क्रमाने. दंडाधिकारी मान वर करतो. दोन माणसांनी एकच घटना पाहिली तर तपशील जुळतो. उपमा जुळत नाही. उपमा जुळली की समजावं, कुणीतरी पढवलंय. पोलिसी जबान्या वाचायची सवय असलेल्या कुणालाही हे पटेल. ‘समक्ष पाहिले’, ‘मजकूर इसम’, ‘वाचून पाहिला, बरोबर आहे’ अशा साच्यातल्या जबान्या शब्दशः एकसारख्या असतात तेव्हा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतात. पटकथेत असा दुवा पेरायचा तर शब्दप्रयोग थोडा विचित्र हवा (लक्षात राहावा म्हणून), पण पहिल्या वेळी त्यावर कॅमेरा रेंगाळता कामा नये. दोन्ही उल्लेखांमधलं अंतर असं हवं की प्रेक्षकाला दंडाधिकाऱ्याच्या क्षणभर आधी किंवा बरोबर आठवावं. नंतर आठवलं तर तो मागे पडला. फार आधी आठवलं तर दंडाधिकारी मंद ठरला.

मग आरोप ठेवण्याचा प्रसंग. वरून सूचना येऊन गेल्यात : गुंडांवर खटला भरा, गणवेशाला हात लावू नका. दंडाधिकारी एकेका अधिकाऱ्याला आत बोलावतो. नाव, आडनाव, व्यवसाय. टाइपरायटर. छातीवरची पदकं. आरोप. बाहेर. पुढचा. तोच साचा, दर फेरीला थोडा जलद. प्रत्येक जण निघताना एकाच बंद दाराची मूठ फिरवून पाहतो, दार उघडत नाही, आणि मग पत्रकारांच्या गराड्यातून जावं लागतं. पहिल्याला पाहून आपण हसत नाही, तिसऱ्याला पाहून आवरत नाही. जनरलला एक पत्रकार विचारतो, तुम्हीही ड्रेफसप्रमाणे (हेरगिरीच्या खोट्या आरोपात अडकवलेला फ्रेंच ज्यू लष्करी अधिकारी) निर्दोष हुतात्मा का? जनरल गरजतो : ड्रेफस दोषी होता! एका वाक्यात पूर्ण माणूस. सुरुवातीच्या नामावलीत पदकांचे क्लोजअप का होते, ते आता कळतं.

बहुतेक चित्रपट इथे संपले असते. ‘झेड’मध्ये एक सहकारी ही बातमी सांगायला खासदाराच्या पत्नीकडे धावत जातो, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद उमटत नाही. लगेच पत्रकार दूरचित्रवाणीवर दिसतो आणि शांतपणे हिशेब वाचतो : साक्षीदार एकामागून एक मेले, मारेकऱ्यांना किरकोळ शिक्षा झाल्या, अधिकाऱ्यांना नुसती खात्याची समज. पुढचं वाक्य निवेदिका वाचते, कारण तोपर्यंत पत्रकारही तुरुंगात गेलाय. मग लष्करी राजवटीने बंदी घातलेल्या गोष्टींची यादी : लांब केस, मिनीस्कर्ट, सोफोक्लीस, टॉलस्टॉय, संप, समाजशास्त्र, नवं गणित, आणि शेवटी झेड हे अक्षर, ‘तो जिवंत आहे’ या अर्थाने भिंतींवर लिहिलं जाणारं. प्रेक्षकाला न्यायाचं समाधान पूर्ण देऊन मग काढून घ्यायचं, हा क्रम उलटा केला तर शेवट नुसता निराश होतो. आधी दिलं म्हणून गेल्याचं दुःख होतं.

संगीत मिकिस थिओदोराकिस यांचं. ते त्या वेळी राजवटीच्या नजरकैदेत होते. त्यामुळे त्यांच्या आधीच्या रचना वापरून पार्श्वसंगीत बांधलं गेलं. तयार संगीत असूनही ठिगळ वाटत नाही, कारण ते भावना सांगायला येत नाही, चाल द्यायला येते. संवादांच्या लांबच लांब भागांत ते नाहीच.

आपल्याकडे हे रुजवताना काय अडतं? मोठी अडचण कायद्याची. फ्रेंच-ग्रीक पद्धतीत तपास दंडाधिकारी स्वतः साक्षीदार बोलावतो, प्रश्न विचारतो, आरोप ठेवतो. आपल्याकडे तपास पोलिसांचा, म्हणजे ‘झेड’मध्ये ज्यांच्यावर संशय आहे त्यांचाच. दिबाकर बॅनर्जी यांच्या ‘शांघाय’ने (2012) वासिलिकोस यांचीच कादंबरी घेतली. पटकथा त्यांची आणि ऊर्मी जुवेकर यांची, छायालेखक निकोस आंद्रित्साकिस, म्हणजे ग्रीक माणूस. त्यांनी दंडाधिकाऱ्याच्या जागी चौकशी आयोग चालवणारा आयएएस अधिकारी (अभय देओल) आणला. निवड अचूक, पण किंमत मोजावी लागली. 1952 च्या चौकशी आयोग कायद्याखालचा आयोग साक्षी नोंदवतो, अहवाल देतो. शिक्षा करू शकत नाही आणि अहवाल सरकारवर बंधनकारकही नसतो. त्यामुळे ‘नाव, आडनाव, व्यवसाय’ हा प्रसंग भारतात घडूच शकत नाही. ‘शांघाय’ला मग शेवटचा पेच बंद खोलीत, वरिष्ठासमोर कागद सरकवून सोडवावा लागतो. भारतीय वास्तवाला ते धरून आहे, पण चढत्या पायरीचा तो उन्माद तिथे नाही. दोन्ही लागोपाठ पाहावेत.

‘सिंहासन’ (1979) याच पंगतीत बसवायचा मोह होतो. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन आणि निळू फुल्यांचा दिगू टिपणीस. पण जात वेगळी. तिथे सगळ्यांना सगळं ठाऊक असतं आणि पत्रकाराकडे बातमी असते. पुराव्याला मुळी कुणी विचारतच नाही. राजकीय थ्रिलर लिहायला बसणाऱ्याने आपली गोष्ट यातली कुठली हे आधी ठरवावं. सिद्ध करायचं काही नसेल तर दंडाधिकारी, साक्षीदार, वाघाची उपमा यांतलं काहीच कामाला येणार नाही.

पाहण्याबद्दल : लांबी 127 मिनिटं. पहिल्यांदा सबटायटल लावून सलग पाहा. दुसऱ्यांदा चौकाचा भाग आवाज बंद करून, कागदावर नकाशा काढत पाहा, आणि जबान्यांचा भाग डोळे मिटून ऐका. टाइपरायटर कुठे चालू होतो आणि कुठे थांबतो याची नोंद घ्या. ज्या ठिकाणी तो थांबतो, तिथे कुणीतरी न ठरलेला शब्द उच्चारलेला असतो.